सिंहाच्या चौकटीबाहेरचे दोन पट्टे

नालासोपाऱ्याच्या एका शाळेतल्या बाई सातवीच्या वर्गासाठी शेजारी देशांच्या झेंड्यांचा तक्ता करताहेत. श्रीलंकेपाशी त्यांची गाडी अडली. त्यांनी तीन शंका विचारल्या आहेत. सिंह एका चौकटीत आणि हिरवा-केशरी पट्टा वेगळ्या चौकटीत, असं का? शाळेतल्या जुन्या ॲटलासमध्ये सिंहाच्या चौकटीच्या कोपऱ्यांत पानं दिसत नाहीत आणि नव्या चित्रांत पिंपळपानं आहेत, मग बरोबर कोणतं? आणि तिसरी शंका एका विद्यार्थ्याची आहे: आमच्या विहारावर लावतात तो रंगीत पट्ट्यांचा झेंडा श्रीलंकेचाच ना?

बाई, तो मुलगा वाटतो तितका चुकलेला नाही. त्याच्याकडे शेवटी येतो.

आधी सांगतो की मी इतिहासाचा अभ्यासक नव्हे. मी झेंडे शिवतो. वडील गिरगावात दिंड्यांच्या पताका, गणपती मंडळांचे भगवे आणि निवडणुकीत पक्षांचे झेंडे शिवायचे. मी हाताशी आलो तेव्हा हॉटेलं आणि परिषदांची कामं मिळायला लागली आणि देशोदेशींचे झेंडे दुकानात आले. त्याला पस्तीस वर्षं झाली. परका झेंडा शिवायचा तर त्याचं माप, रंग, कुठली बाजू काठीकडे हे सगळं आधी शोधावं लागतं, आणि शोधता शोधता गोष्टी कळत जातात. श्रीलंकेच्या झेंड्यावर माझा जरा जास्तच जीव आहे, कारण शिवायला इतका अवघड झेंडा आमच्याकडे क्वचितच येतो.

तुमच्या पहिल्या शंकेचं उत्तर कापडावरच आहे. हा झेंडा छापायचा नसेल, शिवायचा असेल, तर आम्ही तो दोन भागांत करतो. डावीकडे, म्हणजे काठीकडच्या अंगाला, दोन उभे पट्टे: काठीलगत हिरवा, त्याच्या शेजारी केशरी. उजवीकडे मरून रंगाचा मोठा आयत आणि त्यात सोनेरी पिवळा सिंह. दोन्ही भागांना चारी बाजूंनी पिवळा गोट आणि मध्ये पिवळीच उभी पट्टी. आमचे कारागीर त्यांना ‘छोटं घर’ आणि ‘मोठं घर’ म्हणतात. मोठं घर एका टेबलावर तयार होतं, छोटं दुसऱ्या टेबलावर, आणि शेवटी दोन्ही मधल्या पट्टीवर जोडली जातात. तुम्हाला जे खटकलं ते चित्रकाराचं कसब कमी पडलं म्हणून झालेलं नाही. मोठं घर आधी होतं. छोटं घर मागाहून बांधलं गेलं, आणि बांधताना मोठ्या घराची एकही वीट हलवायची नाही असं ठरलं होतं.

मोठं घर कुणाचं, ते पाहू. कँडीचं राज्य हे लंकेतलं शेवटचं स्वतंत्र राज्य. किनारपट्टी आधी पोर्तुगिजांनी घेतली, मग डचांनी, मग इंग्रजांनी; डोंगरातली कँडी मात्र टिकून होती. १८१५ च्या फेब्रुवारीत तिथला राजा श्री विक्रम राजसिंह पकडला गेला आणि २ मार्च १८१५ ला कँडीच्या सरदारांनी इंग्रजांशी करार करून राज्य ब्रिटिश राजाच्या हवाली केलं. राजाचं निशाण इंग्रज विलायतेला घेऊन गेले. ते लंडनच्या चेल्सी भागात, म्हाताऱ्या सैनिकांसाठी असलेल्या रॉयल हॉस्पिटलमध्ये इतर जिंकलेल्या निशाणांबरोबर पडून राहिलं. पडून म्हणजे किती, तर जवळजवळ शंभर वर्षं. दरम्यान लंकेवर इंग्रजांचा निळा झेंडा होता: कोपऱ्यात युनियन जॅक आणि उजवीकडे एका वर्तुळात स्तूपासमोर उभा असलेला हत्ती. पिढ्याच्या पिढ्या तोच बघत मोठ्या झाल्या. राजाचा सिंह नेमका कसा दिसत होता हे सांगणारं फारसं कुणी उरलं नव्हतं.

ते निशाण शोधून काढण्याचं श्रेय दोघांना देतात: ई. डब्ल्यू. पेरेरा हे वकील, आणि वृत्तपत्रांच्या धंद्यात उतरलेले डी. आर. विजयवर्धने. चेल्सीत त्याचा पत्ता लागला, आणि कराराला शंभर वर्षं झाली तेव्हा १९१५ मध्ये ‘दिनमिण’ या सिंहली दैनिकाच्या खास अंकात त्याचं चित्र छापून आलं. पुढच्याच वर्षी पेरेरांनी सिंहली निशाणांवर एक पुस्तक लिहिलं. आपल्याकडे एखाद्या गडावरचं जुनं निशाण अचानक लंडनच्या तळघरात सापडलं आणि इथल्या पेपरात छापून आलं असतं तर काय झालं असतं, त्याची कल्पना करा. तिथेही तसंच झालं. स्वातंत्र्याची भाषा बोलणाऱ्यांना आयतं चिन्ह मिळालं.

पण ज्या राजाचा हा सिंह, तो जन्माने सिंहली नव्हता. कँडीच्या गादीवर १७३९ पासून मदुराईकडच्या नायक घराण्याची माणसं होती, आणि श्री विक्रम राजसिंह त्यांतलाच. राज्य गेल्यावर इंग्रजांनी त्याला तमिळनाडूतल्या वेल्लोरच्या किल्ल्यात आणून ठेवलं. तिथेच १८३२ मध्ये तो वारला. म्हणजे आज ज्या सिंहाला काही लोक एकाच समाजाची मिरास समजतात, तो एका दक्षिण भारतीय घराण्यातल्या राजाच्या निशाणावरून आलेला आहे. त्याने सिंह वापरला कारण लंकेच्या गादीचं ते चिन्ह होतं. गादीवर जो बसेल त्याचा सिंह.

आता गादीला सिंह कुठून मिळाला? लंकेच्या जंगलात ऐतिहासिक काळात सिंह नव्हतेच. बिबटे होते, आहेत. सिंह आला तो कथेतून. ‘महावंस’ या पाली बखरीत सांगितलंय ते असं: वंग देशाच्या राजकन्येला, सुप्पदेवीला, मगधाकडे जाताना लाळ देशात एका सिंहाने पळवून नेलं. त्यांना जुळी झाली, मुलगा सिंहबाहू आणि मुलगी सिंहसीवली. मुलाने पुढे बापाला, म्हणजे सिंहालाच, मारलं आणि राज्य केलं. सिंहबाहूचा थोरला मुलगा विजय. हा इतका दांडगा निघाला की लोकांनी राजाकडे तक्रार केली. राजाने विजयाचं आणि त्याच्या सातशे साथीदारांचं डोकं अर्धं भादरलं, त्यांना जहाजात बसवलं आणि समुद्रात सोडून दिलं. सिंहाच्या कुळातला विजय लंकेला पोहोचला आणि त्याच्यापासून सिंहल लोक झाले, अशी ही कथा.

बाई, यातला एक तपशील तुमच्या वर्गासाठी राखून ठेवा. अर्ध्या भादरलेल्या डोक्यांचं हे जहाज लंकेला जाण्याआधी कुठे लागलं, तर महावंस म्हणतो सुप्पारक बंदरात. सुप्पारक म्हणजे शूर्पारक, म्हणजे सोपारा. तुमचं गाव. तिथेही या मंडळींनी एवढा धिंगाणा घातला की गावकऱ्यांच्या भीतीने त्यांना परत जहाजात बसून पळावं लागलं. ‘बुरुड राजाचा कोट’ म्हणून तुमच्याकडे जो स्तूप आहे, जो १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजींनी खणून काढला, त्या बंदराचीच ही गोष्ट. कथा खरी किती हे सोडा. पण दुसऱ्या देशाच्या झेंड्यावरच्या सिंहाचा नातू आपल्या गावातून हाकलला गेला होता, हे ऐकल्यावर सातवीतलं पोर तो झेंडा विसरणार नाही.

सहल काढणार असाल तर अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यात सिंहल अवदान या बौद्ध कथेचं मोठं भित्तिचित्र आहे. व्यापारी सिंहल, राक्षसिणींचं बेट, हत्ती, लढाई. पुष्कळ दिवस लोक त्याला विजयाने लंका जिंकल्याचं चित्र म्हणत. ती कथा वेगळी आहे, विजयाची नव्हे. पण बेटाचं नाव सिंहाशी बांधलेलं दोन्हीकडे सारखंच. लंकेतही सिंह दगडात आहेतच. सिगिरियाच्या खडकावर, साधारण अर्ध्या चढावर, सिंहाचे दोन प्रचंड पंजे अजून आहेत. सिगिरिया म्हणजे सिंहगिरी. आपल्या कानाला सिंहगडाचा भाऊच.

पुन्हा झेंड्याकडे. १९४८ च्या ४ फेब्रुवारीला सिलोन स्वतंत्र होणार होता आणि झेंडा ठरायचा होता. १६ जानेवारीला संसदेत ठराव आला की कँडीच्या राजाचा सिंहध्वज हाच देशाचा झेंडा करावा. ठराव मांडणारे होते बट्टिकलोवाचे खासदार मुदलियार सिन्ने लेब्बे. मुसलमान, पूर्व किनाऱ्यावरचे. हे मी मुद्दाम सांगतो, कारण सिंह म्हणजे फक्त सिंहली बौद्धांचा असं म्हणणाऱ्यांना आणि सिंह म्हणजे आमच्यावर लादलेला असं म्हणणाऱ्यांना, दोघांनाही हा ठराव अडचणीचा आहे.

पण सगळ्यांना तो पटला नव्हता. तमिळ नेत्यांचा आक्षेप सरळ होता: सिंह हे एका समाजाचं चिन्ह, देशात आम्हीही आहोत. जाफन्याच्या तमिळ राजांच्या निशाणावर नंदी असे, मग सिंहच का, असाही सवाल होता. तेव्हा पंतप्रधान डी. एस. सेनानायके यांच्या सरकारने एक समिती नेमली. अध्यक्ष एस. डब्ल्यू. आर. डी. बंडारनायके. सभासदांत जे. आर. जयवर्धने, जॉन कोटलावला, टी. बी. जया, जी. जी. पोन्नम्बलम, सिनेटर एस. नडेसन, आणि सचिव म्हणून सेनरत परणवितान, लंकेतले सगळ्यात मोठे पुरातत्त्वज्ञ. सिंहली, तमिळ आणि मुसलमान, सगळे एका टेबलाशी. आजच्या भाषेत याला सर्वपक्षीय समिती म्हणतील, आणि सर्वपक्षीय समितीत होतं तेच झालं. दोन वर्षं लागली.

१९५० च्या फेब्रुवारीत अहवाल आला. सिंह तसाच ठेवायचा, मरून रंग तसाच, पिवळा काठ तसाच. काठीकडच्या बाजूला दोन उभे पट्टे जोडायचे, केशरी तमिळांसाठी आणि हिरवा मुसलमानांसाठी. प्रत्येक पट्टा एक भाग धरला तर उरलेला झेंडा पाच भाग. आणि सिंहाभोवतीचा पिवळा काठ या पट्ट्यांभोवतीही फिरवायचा. २ मार्च १९५१ ला हाच राष्ट्रध्वज म्हणून स्वीकारला गेला. तारीख बघा: करार झाला त्याच २ मार्चला, एकशे छत्तीस वर्षांनी.

अहवालात सिनेटर नडेसन यांनी वेगळं मत नोंदवलं. हा झेंडा सगळ्यांच्या एकीचं चिन्ह होत नाही, असं त्यांचं म्हणणं. मी हे वाचलं तेव्हा मला आमच्या टेबलावरची मधली पिवळी पट्टी आठवली. समितीने भांडण मिटवलं ते शिवणीने. मिसळून नाही, जोडून. दोन्ही घरांना एकच गोट दिला, म्हणजे बाहेरून बघितलं तर एक कुटुंब. पण मधली भिंत राहिली. झेंडा शिवणारा म्हणून मला विचाराल तर ही तडजोड प्रामाणिक होती. तीन रंगांचे तीन पट्टे करून टाकणं सोपं होतं, जगात निम्म्या देशांनी तेच केलंय. पण मग राजाचं निशाण मोडलं असतं, आणि ज्यांनी ते चेल्सीतून शोधून आणलं त्यांना ते चाललं नसतं. ज्यांना पट्टे हवे होते त्यांना पट्टे मिळाले. ज्यांना सिंहाच्या चौकटीत जागा हवी होती त्यांना ती मिळाली नाही, आणि त्यांचं दुःख मला समजतं.

यावर एक टोमणा तिथे फार चालतो: सिंह तलवार उपसून पट्ट्यांवरच चाल करून निघालाय. सिंहाचं तोंड काठीकडे आणि पट्टेही काठीकडेच, त्यामुळे तसं दिसतं खरं. पण मी हा सिंह शेकडो वेळा कापलाय, तेव्हा एक सांगतो. तलवारीचं टोक समोर नाही, वर आहे. पंजात धरलेली तलवार उभी आहे, पहारेकऱ्याने धरावी तशी. कँडीच्या दरबारी थाटाची आखूड तलवार, तिला तिकडे ‘कस्तान’ म्हणतात. आता पहारेकरी कुणाचं रक्षण करतो आणि कुणावर नजर ठेवतो, हे ज्याने त्याने आपल्या अनुभवावरून ठरवावं. लंकेत १९८३ ते २००९ एवढी वर्षं जे युद्ध झालं त्यानंतर तमिळ माणसाला तो सिंह कसा दिसतो, हे मी गिरगावात बसून सांगणं बरं नाही. आणि उलट टोकाला, गेल्या काही वर्षांत तिथल्या कडव्या सिंहली गटांनी पट्टे गाळून नुसत्या सिंहाचा झेंडा मिरवायला सुरुवात केली. छोटं घरच पाडून टाकलं. असा झेंडा कुणी माझ्याकडे मागितला तर मी ‘राष्ट्रध्वज’ म्हणून शिवून देणार नाही, ‘कँडीच्या राजाचं निशाण’ म्हणून मागितला तर देईन. गंमत म्हणजे कापड तेच, कापणं तेच.

दुसरी शंका, पानांची. तुमचा जुना ॲटलास चुकीचा नाही, तो फक्त जुना आहे. राजाच्या निशाणात आणि १९५१ च्या झेंड्यात सिंहाच्या चौकटीच्या चार कोपऱ्यांत टोकदार आकार होते, भाल्याच्या फाळासारखे किंवा कळसासारखे. लहान छपाईत ते नुसते ठिपके दिसतात, म्हणून मुलांना तिथे काहीच नाही असं वाटलं असेल. २२ मे १९७२ ला सिलोनचं नाव श्रीलंका झालं, देश प्रजासत्ताक झाला, आणि त्या वेळी निस्संक विजयरत्ने यांच्या देखरेखीखाली त्या टोकांच्या जागी खरीखुरी पिंपळपानं काढली गेली. बोधिवृक्षाची चार पानं म्हणजे मेत्ता, करुणा, मुदिता, उपेक्खा. आपल्याकडे मैत्री, करुणा, मुदिता, उपेक्षा म्हणतात त्याच चार भावना. १९७८ च्या राज्यघटनेत ‘राष्ट्रध्वज म्हणजे सिंहध्वज’ असं लिहून चित्र परिशिष्टात जोडलंय. तेव्हा तक्त्यावर पानंच काढा. पानांचा देठ कोपऱ्याकडे की मध्याकडे, असं मुलं विचारतीलच: टोकं बाहेर, कोपऱ्यांकडे.

सिंहाच्या प्रत्येक अवयवाचा अर्थ सांगणारी एक यादीही तुम्हाला मिळेल. शेपटीच्या आठ बटा म्हणजे अष्टांगिक मार्ग, कुरळी आयाळ म्हणजे धर्माचरण आणि ध्यान, दाढी म्हणजे वाणीची शुद्धता, तलवारीची मूठ म्हणजे पंचमहाभूतांपैकी चार, वगैरे. ती यादी मुलांना पाठ करायला लावू नका. कँडीच्या चिताऱ्याने आयाळ कुरळी काढली कारण कँडीत आयाळ तशीच काढतात. अर्थ बहुधा मागाहून चिकटले. पण शेपटीच्या बटा मात्र मोजून आठ काढायला सांगा. आमच्याकडे एकदा सहा निघाल्या होत्या. त्या मालात गिऱ्हाइकाने दुसऱ्या कशावर बोट ठेवलं नाही, नेमकं त्यावरच ठेवलं.

आता तक्ता काढताना तुम्ही नक्की अडकाल ती जागा, मापाची. आपला तिरंगा तीनास दोन: लांबी तीन, उंची दोन. श्रीलंकेचा झेंडा दोनास एक, म्हणजे उंचीच्या दुप्पट लांब. टेबलावरचा तिरंगा दीडशे मिलिमीटर लांब आणि शंभर उंच असतो. त्याच्या शेजारी श्रीलंकेचा ठेवायचा तर शंभर उंचीला लांबी दोनशे हवी. पण परिषदेच्या माणसाला सगळे झेंडे एकाच मापाचे हवे असतात, एका रांगेत, एका उंचीचे. ऑलिंपिकमध्येही सगळ्यांना एकाच मापात बसवतात. मग झेंडा दाबावा लागतो आणि तिथेच चूक होते. नवा पोरगा संगणकावर चित्र दोन्ही बाजूंनी चेपतो आणि सिंह उभा, लुकडा, कुत्र्यासारखा दिसायला लागतो. बरोबर रीत अशी: सिंह अजिबात चेपायचा नाही. त्याच्या पुढची-मागची मरून जागा कमी करायची, पट्टे थोडे अरुंद करायचे, गोट सगळीकडे सारखा ठेवायचा. मुलांना चौकटीच्या कागदावर काढायला दिलंत तर ते हे आपोआप करतात, कारण त्यांना आधी सिंह काढायचा असतो.

सिंहाच्या तोंडाचीही एक भानगड आहे. नियम सांगतो की सिंहाच्या उजव्या पंजात तलवार. झेंड्याच्या पुढच्या बाजूने ते बरोबर आहे. पण झेंड्याला दोन बाजू असतात. एकपदरी कापडावर छापलं की मागच्या बाजूला सगळं आरशात पाहिल्यासारखं उलटतं: तिथे सिंह उजवीकडे बघतो आणि तलवार डाव्या पंजात जाते. हे चालतं. चाललंच पाहिजे. सिंहाने काठीकडे बघायचं हे पक्कं, त्यापुढे पंजा गौण. एका गिऱ्हाइकाने हट्ट धरला होता की दोन्ही बाजूंनी तलवार उजव्याच पंजात हवी. त्यासाठी मागे वेगळं कापड लावून सिंहाला काठीकडे पाठ करून उभं करावं लागलं असतं, आणि पट्टे काठीपासून दूर, शेपटीकडे गेले असते. अर्धा तास समजावल्यावर त्यांनी नाद सोडला.

आमचीही एकदा फजिती झालीय, ती सांगून टाकतो. दोन देशांच्या व्यापाऱ्यांची बैठक होती, एका मोठ्या हॉटेलात. घाईचं काम, सॅटिनवर छापलेले वीस टेबल-झेंडे. छपाईवाल्याने चित्र उलटं लावलं आणि आम्ही शिवताना काठीचा नेफा सवयीने डावीकडे घातला. झालं असं की काठीकडे सिंहाची शेपटी आणि पट्टे दुसऱ्या टोकाला. वर हॉटेलच्या पोराने भिंतीवरचा मोठा झेंडा उभा टांगला, तेव्हा सिंह भिंतीवर चढणाऱ्या मांजरासारखा दिसत होता. पाहुण्यांपैकी एक वयस्कर गृहस्थ माझ्याजवळ आले. मी मान खाली घालून उभा. ते शांतपणे म्हणाले, सिंह पळून चाललाय, त्याला परत वळवा. रात्रीत वीस झेंड्यांचे नेफे उसवले आणि दुसऱ्या कडेला घातले. त्या दिवसापासून आमच्या टेबलावर खडूने लिहिलेलं असतं: ‘सिंह काठीकडे’.

रंगांचंही थोडं. मरून हा त्रासदायक रंग. कच्चा असला तर पहिल्या पावसात सुटतो आणि शेजारचा पिवळा गोट गुलाबी होतो; मुंबईच्या जुलैत बाहेर लावायचा असेल तर मी मरून कापड आधी मिठाच्या पाण्यात बुडवून, वाळवून बघतो. तुमच्या तक्त्यात पोस्टर कलर वापरणार असाल तर पिवळा आधी, मरून शेवटी. आणि मरून म्हणजे लाल नव्हे, तपकिरी नव्हे. पिकलेल्या जांभळाचा डाग कपड्यावर पडून एकदा धुतला की राहतो, त्याच्या जवळचा. केशरी पट्टा पाहून मुलं म्हणतील भगवा, म्हणजे बौद्ध भिक्खूंचा. नाही. या झेंड्यात तो तमिळांचा. बौद्धांची चिन्हं पलीकडे, मोठ्या घराच्या कोपऱ्यांत आहेत.

आता तुमच्या विद्यार्थ्याचा विहारावरचा झेंडा. निळा, पिवळा, लाल, पांढरा, केशरी असे उभे पट्टे आणि शेवटच्या पट्ट्यात तेच पाच रंग एकाखाली एक: हा बौद्धांचा आंतरराष्ट्रीय झेंडा, आपल्याकडे पंचशील ध्वज म्हणतात. तो कुठल्याही देशाचा राष्ट्रध्वज नाही. पण जन्माला आला तो मात्र कोलंबोत. १८८५ मध्ये इंग्रज सरकारने वेसाकची, म्हणजे वैशाख पौर्णिमेची, सुट्टी मान्य केली आणि त्यानिमित्ताने तिथल्या समितीने एक झेंडा तयार केला. २८ एप्रिल १८८५ ला तो पहिल्यांदा चढला. तो आधी लांबलचक पताकेसारखा होता. थिऑसॉफिकल सोसायटीचे कर्नल ऑल्कॉट तेव्हा लंकेत बौद्धांच्या कामात होते. त्यांनी सांगितलं की रंग उत्तम आहेत, पण हा आकार मिरवणुकीत कुणाला धरता येणार नाही आणि घरावर लावता येणार नाही. राष्ट्रांच्या झेंड्यांच्या मापात आणा. पुढच्या वर्षी तो तसा केला गेला. एक झेंडेवाला म्हणून मी त्या कर्नलसाहेबांना मनातल्या मनात सलाम करतो. झेंडा कितीही सुंदर असो, तो माणसाला हातात धरता आला पाहिजे, हे ज्याला सुचलं तो आमच्या धंद्यातला माणूस.

१९५० मध्ये बौद्धांची जागतिक परिषद लंकेत भरली तेव्हा डॉ. आंबेडकर तिथे गेले होते. १९५६ च्या नागपूरच्या धम्मदीक्षेनंतर हा झेंडा महाराष्ट्रात गावोगावी पोहोचला. आज माझ्या दुकानात तिरंग्याच्या खालोखाल जे मोजके झेंडे बारा महिने विकले जातात त्यांत तो आहे, आणि एप्रिल-ऑक्टोबरला तर कापड कमी पडतं. श्रीलंकेच्या राष्ट्रध्वजाचं गिऱ्हाईक वर्षाला मोजून दहा-बारा. वानखेडेवर २ एप्रिल २०११ ला विश्वचषकाचा अंतिम सामना झाला त्या आठवड्यात मात्र तीन सिंहध्वज एकाच दिवशी गेले. नेणाऱ्यांत एक दादरचा मुलगा होता, त्याला मुरलीधरन आवडायचा. मुरलीधरन तमिळ. मी त्याला झेंडा देताना केशरी पट्ट्यावर बोट ठेवून सांगितलं की हा त्याचा. मुलाने विचारलं, मग सिंह कुणाचा? मी म्हटलं, मॅचच्या दिवशी तरी अकराही जणांचा.

तुमच्या विद्यार्थ्याला सांगा, की तुझ्या विहारावरचा झेंडा श्रीलंकेचा नाही, पण श्रीलंकेतून आलाय. आणि तक्त्यावर मधली पिवळी पट्टी काढायला विसरू नका. मुलं नेहमी तीच गाळतात आणि केशरी सरळ मरूनला चिकटवतात. चित्र पूर्ण झालं की फोटो पाठवा. शेपटीच्या बटा मी मोजेन.